डावा हात खिशात

आमच्या शेडमध्ये नव्याने कामाला लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली जायची. चालू रेडिओ-सेटच्या आत हात घालायचा तर उजवा घालायचा, डावा खिशात ठेवायचा. दोन्ही हात आत गेले की एका हातातून शिरलेली वीज छातीतून आडवी होऊन दुसऱ्या हातातून बाहेर पडते. शेडचे मालक, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, फौजेत बिनतारी विभागात होते. त्यांच्या डोळ्यांसमोर एक सोबती असा गेला होता. ती हकीकत ते सांगत नसत. कुणाचा डावा हात बाहेर दिसला की टेबलावर स्क्रूड्रायव्हर आपटत, एवढंच.

कॉइल गुंडाळणाऱ्या अक्काला खिसा नव्हता. ती कमरेला खोचलेल्या पदरात डावा हात अडकवून ठेवायची. तिला बघून बाहेरच्यांना वाटायचं, हिचा हात अधू आहे.

शेड गुलबर्ग्यात, एका डाळ मिलच्या मागच्या अंगाला होती. राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक होऊन फार वर्षं झाली नव्हती. मी करजगीचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी झालो आणि ते मी आजही छाती काढून सांगतो. बाबांना वाटलं होतं, पोरगा कचेरीत बसेल. मी अण्णांच्या शेडमध्ये पत्रा कापायला लागलो तेव्हा ते बघायला आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "डबडी करायला कामून शिकलास?" मग पाणीसुद्धा न पिता बसला बसले. अण्णाही मला नावाने हाक मारत नसत, 'डिग्री' म्हणत. "डिग्री, भोक वाकडं पडलंय," असं.

आम्ही जी डबडी करायचो ती हौशी रेडिओवाल्यांसाठी. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढलेली ही माणसं घरी सेट ठेवतात आणि कधी न बघितलेल्या माणसांशी हवेतून गप्पा मारतात. परदेशी सेट त्यांना परवडायचा नाही आणि मिळायचाही नाही. म्हणून आमच्यासारखे चार-दोन लोक देशात जागोजागी शेड टाकून बसले होते. गिऱ्हाइकाचा परवाना बघितल्याशिवाय अण्णा खिळासुद्धा विकत नसत. आमचा स्वतःचा परवाना भिंतीवर काचेत लावलेला होता, लक्ष्मीच्या फोटोशेजारी.

एक सेट व्हायला बरेच दिवस लागायचे. ॲल्युमिनियमचा पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून त्याची चासी, म्हणजे आतला सांगाडा करायचा. व्हॉल्व्हच्या बैठकीसाठी गोल भोकं पाडायची आणि कानशीने कडा घासायच्या. ट्रान्सफॉर्मर आम्हीच गुंडाळायचो, प्रत्येक थरावर मेणकागद घालून, वार्निशात बुडवून, उन्हात वाळवून. कॉइलसाठी अक्का नळाच्या प्लास्टिक पाइपचे तुकडे घ्यायची आणि तांब्याची तार अशी ओढून बसवायची की दोन वेढ्यांत नख जाऊ नये. सेट तयार झाला की एरियलच्या जागी घरगुती बल्ब जोडायचा. बोलताना बल्ब आवाजाबरोबर लहानमोठा झाला पाहिजे. अण्णा माइकसमोर कानडीत एक ते दहा म्हणायचे आणि आम्ही बल्बाकडे बघत बसायचो. तो पेटला की आमच्या हातून एक बोलतं जनावर जन्माला आल्यासारखं वाटायचं.

बाकीचं सामान हैदराबादच्या भंगार बाजारातून यायचं. लढाईच्या काळातले फौजी सेट तिथे किलोवर विकत. त्यातून कंडेन्सर सोडवून आणायचे, तापवून बघायचे, ज्यातून वीज गळत नसेल तो ठेवायचा. विजेची वायर जिथे सेटमध्ये शिरते तिथे आम्ही असे दोन बारके कंडेन्सर लावत होतो, दोन तारांपासून पेटीपर्यंत. नाहीतर सेटचा आवाज घराच्या वायरिंगमध्ये घुसून शेजाऱ्याच्या रेडिओवर खरखरतो आणि शेजारी भांडायला येतो. या कंडेन्सरांतून चिमूटभर वीज पेटीवर येतेच. ती जमिनीत घालवायला तिसरी तार असते, अर्थिंगची. ती जोडली की झालं.

गाणगापूरचे एक लॉजवाले काका आमच्याकडून सेट घेऊन गेले. साठीच्या जवळपासचे, बारीक अंगाचे. परवाना त्यांनी उतारवयात, हैदराबादला परीक्षा देऊन काढला होता. पुण्या-सोलापूरकडून येणारे दत्तभक्त त्यांच्या लॉजवर उतरत, त्यांच्या गावांशी हवेतून बोलता यावं एवढीच त्यांची हौस. पार्सलने पाठवतो म्हटलं तर ऐकेनात. बसमध्ये मांडीवर घेऊन गेले, घोंगडीत गुंडाळून. अण्णांनी त्यांना बसवून सांगितलं होतं की खड्डा घ्या, तांब्याची पट्टी पुरा, कोळसा-मीठ घाला, रोज तांब्याभर पाणी ओता आणि हिरवी तार तिला बांधा. काकांनी सगळ्याला मान डोलावली.

दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी ठरलेल्या वेळी काकांचा आवाज यायला लागला. आंघोळ, पूजा आटोपून ते बसायचे. आवाज स्वच्छ, अगदी कानाजवळ बोलल्यासारखा. आम्ही चहा पीत ऐकायचो. अण्णांच्या मिशा हसायच्या.

माझी आई दर पौर्णिमेला गावातल्या बायकांबरोबर गाणगापूरला जायची. एका पौर्णिमेनंतर ती करजगीला न जाता सरळ शेडवर आली. ती तिथे पहिल्यांदाच येत होती. आत आली, सगळं निरखून बघितलं, अक्काच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुझ्या पेटीत देव हाय रं."

मी विचारलं, कोणती पेटी. ती सांगायला लागली. लॉजवाल्यांच्या पुढच्या खोलीत पेटी आहे. संगमावर आंघोळ करून आलेली माणसं तिच्यावर हात ठेवतात. हाताला मुंग्या येतात, कुणाला बोटांत, कुणाला मनगटापर्यंत. ज्याच्या मनात खोट आहे त्याला काही होत नाही. काका कुणाकडून पैसा घेत नाहीत, नारळसुद्धा घेत नाहीत. पेटी बंद असली तरी मुंग्या येतात, हे तिने दोनदा सांगितलं.

"मी सगळ्यांला सांगितलं, ही माझ्या लेकाच्या हातची हाय. बाया माझ्या पाया पडायल्या होत्या."

तिचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता. पदवीचा कागद घरी नेला तेव्हाही नाही. त्या दिवशी तिने कागदावर हळदकुंकू वाहून तो ट्रंकेत ठेवला होता. आज पहिल्यांदा तिला माझ्या शिक्षणाचा अर्थ लागला होता. मी मात्र तिसऱ्या तारेचा हिशेब करत होतो. पेटीला हात लावल्यावर मुंग्या येतात याचा अर्थ तिसरी तार जोडलेली नाही. ओल्या अंगाने, ओल्या पायांनी माणसं तिला हात लावतात, आणि त्यांच्यात माझी आई आहे.

अण्णांना सांगितलं. त्यांनी हातातलं सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं आणि शर्ट बदलायला गेले.

दुपारच्या बसने आम्ही गाणगापूर गाठलं. लॉजच्या पुढच्या खोलीत स्टुलावर आमचा सेट होता. हिरवा रंग आम्हीच दिलेला. त्यावर आता गंध आणि झेंडूचा हार होता. फरशीवर ओल्या पावलांचे ठसे दारापासून सेटपर्यंत गेलेले आणि परत आलेले. मी वायर बघितली. लॉजमध्ये सगळे दोन भोकांचेच सॉकेट. गावच्या वायरमनने आमचा तीन पिनांचा प्लग कापून टाकला होता, दोन तारांची उघडी टोकं भोकांत घालून काडेपेटीच्या काड्या ठोसल्या होत्या. तिसरी हिरवी तार स्टुलाच्या पायाशी वेटोळं करून पडली होती. अण्णांनी टेस्टर टेकवला. तो पेटला.

काकांनी आम्हाला मानाने बसवलं, दूध मागवलं. तो वायरमनही आला. हसऱ्या चेहऱ्याचा, पंचविशीतला, पक्कड खिशाला लावलेला. तार का जोडली नाहीस म्हणून विचारलं तर म्हणाला की जोडली होती, पहिले आठ दिवस. मग खड्डा कोरडा पडला, कुत्र्याने तार उकरली, आणि त्याच संध्याकाळी काकांना पहिल्यांदा मुंग्या आल्या. काकांनीच सांगितलं, राहू दे.

मी मग कॉलेजातलं सगळं बोललो. ही गळती कशी असते, कंडेन्सर जुने आहेत, आज मुंग्या आहेत, उद्या ते फुटले तर घरातली सगळी वीज या पत्र्यावर उभी राहील, आणि हात लावणारा पत्र्याला चिकटेल. काका शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होते. दारात माणसं जमली होती. त्यांच्याकडे बघून काकांनी मला विचारलं,

"म्हणजे जे आलंय ते जमिनीत घालवा, असंच ना?"

"व्हय, काका."

"तुम्ही शिकलेले आहात. तुमच्या हातून घडलं हे खरं. पण आलंय ते तुम्ही आणलेलं नाही."

अण्णांनी स्क्रूड्रायव्हर काढला तसा काकांनी सेटवर तळवा ठेवला. जोर नाही, राग नाही. झोपलेल्या लेकरावर ठेवावा तसा. सेट त्यांचा, परवाना त्यांचा. आम्ही निघालो. जाताना अण्णा वाकून म्हणाले, निदान ओल्या अंगाने नको. काका म्हणाले, कोरड्या अंगाने देवाला कोण शिवतं.

परत आल्यावर अण्णांनी काकांच्या सेटसाठी आणलेल्या लॉटमधले उरलेले कंडेन्सर काढले आणि एकेक तापवायला घेतले. घेताना ते चांगले होते. आता त्यांतले बरेच गळत होते. पाऊसकाळ गेला होता, मेण उकललं होतं, आत ओल शिरली होती. अण्णांनी ते सगळे तेलाच्या डब्यात टाकले आणि झाकण ठोकून बसवलं. ज्यांच्या सेटमध्ये ते गेले होते त्या प्रत्येकाला आम्ही कळवलं, सेट बंद करा, परत पाठवा, फुकट बदलून देतो. एकेक पेटी कडब्यात गुंडाळून परत यायला लागली. काकांना तीनदा कळवलं. ते सकाळी हवेतून उत्तर द्यायचे: पत्र मिळालं, सगळ्यांना नमस्कार.

आणि मग त्या सकाळच्या गप्पांत एक नवीन गोष्ट यायला लागली. आधी बोटांत यायचं ते आता मनगट ओलांडतंय. पुढे एकदा म्हणाले, आज कोपरापर्यंत गेलं. सोलापूरकडचा एक डॉक्टर, तोही परवानावाला, त्यांना हवेतूनच म्हणाला की काका, वायरिंग बघून घ्या. काका हसले. आम्ही शेडमध्ये हातात कप धरून ऐकत होतो. बोटं, मनगट, कोपर. कंडेन्सर कसा मरतोय ते काका आम्हाला रोज मोजून देत होते, आणि आवाजात आनंद होता.

मी करजगीला जाऊन आईला बजावलं, त्या पेटीला हात लावायचा नाही. ती भाकरी थापता थापता थांबली. "तू केलेल्या पेटीला मी हात न्हाई लावायचा?" तिने विचारलं. मी विज्ञान सांगायला लागलो. तिने ते मध्येच थांबवलं नाही, पण परत थापायला लागली. बाबा ओसरीवरून म्हणाले, तिचं ती बघून घेईल, तू तुझी डबडी बघ. पण 'डबडी' म्हणताना त्यांच्याही आवाजात पहिल्यासारखी टोचणी नव्हती. गावात त्यांनाही लोक विचारायला लागले होते.

पुढच्या पौर्णिमेच्या सकाळी मी रेडिओ लावला. आई आदल्या दिवशीच गाणगापूरला गेली होती. कुणी बोलत नसेल तेव्हा रेडिओत नुसती खरखर असते. समोरच्याने माइकवरचं बटण दाबलं की ती एकदम बसते आणि भरलेली शांतता पसरते, मग बोलणं सुरू होतं. त्या सकाळी काकांच्या वेळेला खरखर बसली. आम्ही वाट बघितली. शब्द आला नाही.

अक्काने कॉइलवरची मान वर केली. अण्णांनी आवाज वाढवला. खाली विजेचा बारीक घुंघुं होता, त्यावर काही नाही. श्वास नाही, खोकला नाही. सोलापूरचा डॉक्टर मध्ये बोलायचा प्रयत्न करत होता, काका, काका, म्हणत. पण ज्याने बटण दाबलंय त्याला ऐकू येत नसतं. माइकची दांडी लोखंडी, वायरीवरच्या तांब्याच्या जाळीतून चासीला जोडलेली. आम्हीच जोडलेली. आखडलेला हात उघडत नाही, आणि बटण त्याच हातात असतं.

"काकाच असतील कशावरून," मी म्हणालो. म्हणजे माझ्या तोंडून निघालं. आई त्याच खोलीत असणार होती. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं मी काय बोललो ते.

मग अचानक खरखर परत आली.

आम्ही मिळेल ती गाणगापूरची बस धरली. चौडापूरच्या फाट्यावर बस थांबली, ड्रायव्हर चहाला उतरला. अण्णा खिडकीतून त्याच्याकडे असे बघत होते की तो अर्धा कप टाकून परत आला.

लॉजच्या पुढच्या खोलीत काका सतरंजीवर निजले होते. उजवा तळवा काळा पडून मिटलेला, ओठ निळसर, छाती वरखाली होत होती. उशाशी आई बसली होती, पदराने वारा घालत. गावातली वीज गेली होती. त्या दिवसांत ती केव्हाही जायची. त्या सकाळी ती काकांचा हात माइकला चिकटलेला असताना गेली, म्हणून हात सुटला. एवढंच घडलं होतं.

आईने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती.

"महाराजांनी सोडवलं," ती म्हणाली.

"वीज गेली, आई. वीज गेली म्हणून सुटले."

"मग ती कुणी घालवली?"

माझ्याकडे उत्तर होतं. पण खोली माणसांनी भरलेली होती आणि सगळे तिच्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

अण्णांनी कुणालाही न विचारता काड्या उपटल्या, सेट उघडला आणि आतली सगळी आतडी काढून पोत्यात भरली. कुणी अडवलं नाही. काकांनी पडल्या पडल्या एवढंच सांगितलं की रिकामी पेटी तरी ठेवा. अण्णांनी ठेवली. रिकाम्या पत्र्याने कुणाचं काय होणार. पुढे आम्ही काकांना दुसरा सेट करून दिला, अर्थिंग स्वतः खोदून दिलं. तो त्यांनी एकदाच लावला. मग त्यांचा आवाज हवेत कधी आला नाही. एका भेटीत मी विचारलं तेव्हा म्हणाले, चांगला आहे, पण मुका आहे.

नंतरच्या वर्षी मी आईला पौर्णिमेला स्वतः घेऊन गेलो. तिचे गुडघे दुखायचे. संगमावरून लॉजवर आलो तर पुढच्या खोलीत रांग होती. स्टुलावर तीच हिरवी पेटी, हारांनी झाकलेली. काका बाजूला खुर्चीवर, वाकडा झालेला हात मांडीवर घेऊन. आई रांगेत उभी राहिली. मी अडवलं नाही. पेटी रिकामी आहे, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

आईने पेटीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाली, "आलं बघ."

मला वाटलं, मनाचा खेळ. मग शेजारच्या बाईने पेटीला हात लावला आणि तिच्या दुसऱ्या हातातल्या तांब्यातलं पाणी हिंदकळलं. मी स्टुलामागे गेलो. हारांच्या खालून एक वायर भिंतीकडे गेली होती. टोकाला दोन भोकांत काडेपेटीच्या काड्या. दुसऱ्या टोकाला ट्यूबलाइटच्या स्टार्टरमधला बारका कंडेन्सर, पट्टीने चिकटवलेला, आणि त्याचा पाय पेटीच्या स्क्रूला गुंडाळलेला. स्वस्तातला. तो फुटायला किती दिवस लागतील एवढाच प्रश्न होता.

डावा हात खिशात घालून मी उजव्याने काड्या उपटल्या आणि तो कंडेन्सर तोडून काढला. पेटीवर हात ठेवलेली म्हातारी म्हणाली, "गेलं." काकांनी मान वळवली.

"तुम्ही आलात की ते जातं," ते म्हणाले. तक्रार नव्हती. नुसतं सांगत होते.

आई माझ्याजवळ आली. लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून कानाशी बोलली. "लाव रं परत. लई लांबून आल्यात माणसं."

मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. दारात तो वायरमन भेटला. त्याने माझ्या मुठीकडे बघितलं, मी काय तोडून आणलंय ते त्याला कळलं. तो रागावला नाही. उलट समजूत घातल्यासारखा हसला.

"असू द्या, साहेब," तो म्हणाला. "माझ्याकडं पेटीभर हाईत."

आई पायऱ्या सावकाश उतरत होती. तिला आधार देताना मी एकदा मागे वळून बघितलं. वायरमन स्टुलामागे उकिडवा बसला होता, पक्कड तोंडात धरून. त्याचे दोन्ही हात आत होते.